रित्या बाटलीचें मोल

रस्त्याच्या कोपऱ्यावरील दुकानांत गोटीचा सोडा पिणाऱ्या माणसाला रिकामी बाटली गटारांत फेकून देण्याची बुद्धि सहसा झाली नाहीं. तो माणूस फार शिस्तीचा होता म्हणून नव्हे. ती बाटली त्याची नव्हती म्हणून. जाड हिरवट कांचेची, गळ्याशीं चिमटलेली आणि आंत गोटी खुळखुळणारी ही बाटली हायरम कॉड या इंग्रज गृहस्थाच्या कल्पनेंतून निघाली. १८७२ सालीं त्यानें तिचें पेटंट घेतलें, आणि पुढें ती मुंबईच्या पेठांपासून जत्रेंतल्या पालांपर्यंत सर्वत्र दिसूं लागली. सोडा पिणारा पैसे देई ते आंतल्या पाण्याचे. बाटली दुकानदाराची राही. ती घरीं न्यावयाची तर तिच्या मोबदल्यांत चार पैसे दुकानीं ठेवावे लागत, व बाटली परत केली कीं ते परत मिळत. पुढें मुंबईंत आरेचें दूध कांचेच्या बाटल्यांतून येऊं लागलें, तेव्हांहि रिकामी बाटली केंद्रावर द्यावी आणि भरलेली घ्यावी, हा घरोघरचा पहांटेचा परिपाठच होऊन बसला.

या चार पैशांना अनामत म्हणतात. तिच्यापायीं कोणी सभा भरविली नाहीं, भिंतींवर पाट्या लावल्या नाहींत, कीं शाळांतून मुलांना शपथा दिल्या नाहींत. व्यापाऱ्यानें ती आपल्या सोयीसाठीं घेतली होती. कांच महाग, आणि बाटली परत आली तरच धंदा परवडे. गांव स्वच्छ राहिलें हा त्या व्यवहाराचा आनुषंगिक लाभ. आणि अशा लाभाची किंमत तो नाहींसा झाल्यावरच कळते. पुढें कांच स्वस्त झाली, पत्रा आला, प्लॅस्टिक आलें, अनामत उठली, आणि कालपर्यंत मालमत्ता असलेली बाटली आज कचरा झाली. तेव्हां जगांतील अनेक सरकारांना तीच जुनी अनामत कायद्यानें परत आणावी लागली. या फेऱ्याचा इतिहास सर्वांत स्पष्ट दिसतो तो अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत. कारण अनामत मोडण्याचा उद्योग तेथें जितक्या जोरानें झाला, तितक्याच जोरानें ती परत आणण्याचा झगडाहि तेथें झाला.

अमेरिकेंतहि आरंभीं आपल्याकडच्यासारखाच प्रघात होता. सोडा व बिअर तयार करणारे लहान कारखाने गांवोगांव असत. कारखान्याचें नांव कांचेंत उठविलेली बाटली ग्राहकाकडे जाई, परत येई, धुतली जाई व पुन्हां भरली जाई. एकदोन सेंटांची अनामत ही या येरझारेची दोरी होती. ही दोरी प्रथम तुटली ती १९३५ च्या जानेवारींत. क्रूगर नांवाच्या मद्याच्या कारखान्यानें व्हर्जिनिया संस्थानांतील रिचमंड शहरीं पत्र्याच्या डब्यांत भरलेली बिअर विकावयास आणली. डबा उघडावा, प्यावा व टाकून द्यावा. परत देण्याची यातायात नाहीं. कांचेच्या कारखानदारांनींहि मागें न राहतां एकदांच वापरावयाची बुटकी बाटली काढली. दुसऱ्या महायुद्धांत दूरदूरच्या सैनिकांना डब्यांतूनच बिअर गेली, आणि युद्ध संपल्यावर तीच संवय घरीं परत आली.

हा बदल कोणाला नको होता, असें म्हणतां येत नाहीं. कारखानदाराचा रिकाम्या बाटल्या वाहून आणण्याचा, निवडण्याचा व धुण्याचा खर्च वांचला. शिवाय गांवोगांवचे कारखाने मिटवून एकाच मोठ्या कारखान्यांतून शेंकडों मैलांवर माल धाडतां येऊं लागला. दुकानदाराची रिकाम्या बाटल्यांनीं अडणारी जागा मोकळी झाली. ग्राहकाचें ओझें कमी झालें. तिघांचाहि फायदा झाला, मग तोटा कोणाचा? तोटा त्या चौथ्याचा, जो या सौद्याच्या वेळीं हजरच नव्हता. रस्ते झाडणारी नगरपालिका, ज्याच्या कुंपणावरून धांवत्या मोटारींतून बाटल्या येऊन पडत तो शेतकरी, आणि समुद्रकांठीं अनवाणी चालणारें मूल, हे ते चौथे होत. १९५६ च्या कायद्यानें देशभर रुंद राजमार्ग बांधले जाऊं लागले, मोटारी वाढल्या, आणि राजमार्गाची कड हाच लांबच लांब उकिरडा होऊन बसला.

पहिली हाक उठली ती शेतांतून. व्हर्मांट हें दुभत्या गाईंचें लहानसें संस्थान. फेकलेल्या बाटल्यांची कांच गवतांत जाते, तेथून वैरणींत येते आणि जनावरें जखमी होतात, अशी तेथील शेतकऱ्यांची तक्रार होती. १९५३ सालीं व्हर्मांटच्या कायदेमंडळानें, परत न घेतल्या जाणाऱ्या बाटल्यांतून बिअर विकण्यास बंदी केली. पण कायद्याची मुदत चार वर्षांची होती, आणि १९५७ सालीं ती संपल्यावर कोणी ती वाढविली नाहीं.

त्याच १९५३ सालीं दुसरीकडे एक निराळीच संस्था जन्मास आली. तिचें नांव ‘कीप अमेरिका ब्यूटिफुल’, म्हणजे ‘अमेरिका सुंदर राखा’. नांवावरून ती निसर्गप्रेमी नागरिकांची मंडळी असावी असें वाटतें. परंतु तिच्या स्थापकांत अमेरिकन कॅन कंपनी व ओवेन्स-इलिनॉय ग्लास कंपनी यांसारखे डबे व बाटल्या बनविणारे बडे कारखानदार होते. या संस्थेनें उपदेशाचा मार्ग धरला. कचरा वस्तूमुळें होत नसून ती टाकणाऱ्या बेपर्वा माणसामुळें होतो, तेव्हां माणूस सुधारा, असा तिच्या प्रचाराचा रोंख असे. २२ एप्रिल १९७१ या वसुंधरादिनीं तिची एक जाहिरात चित्रवाणीवर आली. आदिवासी वेषांतील एक पुरुष होडी वल्हवीत घाणेरड्या नदींतून कांठाला येतो. मोटारींतून कोणी फेकलेलें पुडकें त्याच्या पायांशीं फुटतें. आणि त्याच्या डोळ्यांतून एकच अश्रु ओघळतो. प्रदूषण माणसें सुरू करतात व माणसेंच तें थांबवूं शकतात, असें शेवटीं सांगितलें जाई. लक्षावधि लोकांचीं अंतःकरणें या अश्रूनें हेलावलीं. पण ती बाटली बनविली कोणी, आणि परत घेण्याचें नाकारलें कोणी, हा प्रश्न त्या चित्रांत कोठेंच नव्हता.

हा प्रश्न त्याच वर्षीं पॅसिफिक महासागराच्या कांठीं, ओरेगॉन संस्थानांत विचारला गेला. ओरेगॉनच्या लोकांना आपल्या समुद्रकिनाऱ्याचा फार अभिमान. १९६७ सालींच त्यांनीं कायदा करून सबंध किनारा सर्वांना खुला राखला होता. त्याच किनाऱ्यावर व डोंगरवाटांवर भटकण्याचा नाद असलेले रिचर्ड चेंबर्स नांवाचे गृहस्थ होते. लांकूडतोडीचीं यंत्रें विकणें हा त्यांचा व्यवसाय. फिरतांना पायांखालीं येणाऱ्या बाटल्या व डबे पाहून ते अस्वस्थ होत. शेजारच्या कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत अशा बाटल्यांविरुद्ध हालचाल चालली असल्याचें त्यांनीं १९६८ सालीं वाचलें, आणि लगेच कायदेमंडळांतील एका सभासदाला गांठलें. ब्रिटिश कोलंबियानें १९७० सालीं अनामतीचा कायदा केलाहि. ओरेगॉनमध्यें मात्र १९६९ सालचें पहिलें विधेयक पडलें. चेंबर्स यांनीं पत्रें लिहिण्याचें सोडलें नाहीं.

विरोधकांचे आक्षेप अगदींच पोकळ होते असें नव्हे. डब्यांच्या कारखान्यांतील माणसें बेकार होतील, पेयें महागतील, वाण्याच्या दुकानांत खरकट्या बाटल्यांचे ढीग लागून किडामुंगी होईल, आणि चार बेशिस्त माणसांपायीं शंभर सरळ माणसांना भुर्दंड पडेल, असें ते म्हणत. तरीहि गव्हर्नर टॉम मॅकॉल यांनीं आपलें वजन विधेयकाच्या बाजूनें टाकलें, आणि १९७१ च्या जुलैमध्यें त्यावर त्यांची सही झाली. १ ऑक्टोबर १९७२ पासून कायदा अंमलांत आला. बिअर व सोड्यासारखीं वायुमिश्रित पेयें यांच्या प्रत्येक डब्यावर व बाटलीवर पांच सेंट अनामत. परंतु अनेक कारखान्यांना पुन्हां भरतां येईल अशा ठरीव नमुन्याच्या बाटलीवर दोनच सेंट. म्हणजे बाटली नुसती परत यावी एवढेंच नव्हे, तर ती पुन्हां वापरली जावी, असाहि कायद्याचा हेतु होता. डब्याच्या तोंडाची जी धारदार कडी ओढून काढून लोक वाळूंत फेकून देत, तिच्यावर तर सरळ बंदीच आली.

कारखानदार न्यायालयांत गेले. फिर्यादींत पहिलें नांव होतें अमेरिकन कॅन कंपनीचें, म्हणजे ज्या कंपनीनें ‘अमेरिका सुंदर राखा’ ही संस्था काढण्यास हात लावला होता तिचेंच. हा कायदा संस्थानासंस्थानांतील व्यापाराला अडथळा करतो, असें तिचें म्हणणें. १९७३ सालीं ओरेगॉनच्या अपील-न्यायालयानें तें फेटाळलें, आणि कायदा टिकला. तोंवर निकाल रस्त्यांच्या कडेनेंहि दिला होता. कायद्यापूर्वीं रस्त्याकडेच्या कचऱ्यांत पेयांच्या बाटल्या व डबे यांचा वाटा शेंकडा ४० पर्यंत असे. १९७३ सालीं तो १०.८ वर आला, आणि १९७९ पर्यंत ६ वर. चेंबर्स हे १९७४ सालीं वारले. पण आपल्या पायांखालचा किनारा मोकळा होत चाललेला पाहून ते गेले.

उपदेशानें जें साधलें नाहीं तें पांच सेंटांनीं कसें साधलें? अनामत ही कर नव्हे, कीं बक्षीसहि नव्हे. करांत गेलेला पैसा परत येत नाहीं, व बक्षिसासाठीं कोणाच्या तरी खिशांतून पैसा काढावा लागतो. अनामत आपलीच असते, आणि आपली वस्तु गमावण्याचें दुःख परकी वस्तु मिळविण्याच्या सुखाहून माणसाला नेहमींच अधिक झोंबतें. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, अनामत दोनदां काम करते. ज्याला पांच सेंटांची क्षिति नाहीं असा श्रीमंत बाटली फेकील, तर फेको; त्याच्यामागून येणारा मुलगा ती उचलील. टाकणारा सुधारला नाहीं तरी वेंचणारा निर्माण होतो. उपदेशाला प्रत्येक माणूस चांगला व्हावा लागतो. अनामतीला वाटेवर एखाद्या गरजूचे पाऊल पडलें तरी पुरतें.

परंतु हें औषध कायमचें गुणकारी नाहीं, हेंहि ओरेगॉननेंच दाखविलें. नाणें तेंच राहतें, त्याचें मोल राहत नाहीं. १९७१ सालचे पांच सेंट २०१७ पर्यंत पांचच राहिले. तोंपर्यंत अमेरिकेंत भाव सहापट झाले होते, म्हणजे त्या पांच सेंटांची किंमत जुन्या एका सेंटाइतकीहि उरली नव्हती. एके काळीं शंभरांतल्या नव्वद बाटल्या परत येत. २०१५ सालीं चौसष्टच आल्या. सुदैवानें कायदेमंडळानें आधींच तरतूद करून ठेवली होती कीं, परतीचें प्रमाण लागोपाठ दोन वर्षें ऐंशीच्या खालीं गेल्यास अनामत दुप्पट व्हावी. १ एप्रिल २०१७ पासून ती दहा सेंट झाली, आणि परतीचा आंकडा पुन्हां ऐंशीच्या वर चढला. मिशिगन संस्थानानें १९७६ च्या लोकमतानंतर आरंभापासूनच दहा सेंट ठेवले होते, आणि तेथें परतीचें प्रमाण दीर्घकाळ उंच राहिलें. इतकें कीं, शेजारच्या संस्थानांत अनामत न भरतां घेतलेल्या बाटल्या मिशिगनमध्यें आणून पैसे उपटण्याचा धंदा सुरू झाला, व त्याविरुद्ध निराळा कायदा करावा लागला. रक्कम फार लहान ठेवली तर लोक दुर्लक्ष करतात, मोठी ठेवली तर लबाडी शिरते; यांतला मध्य सांपडणें हेंच या पद्धतीचें कौशल्य होय.

युरोपनें या पद्धतींत दोन नव्या गोष्टी शिकविल्या. पहिली नॉर्वेची. तेथें अनामत ग्राहकाकडून घेतली जाते, पण त्याबरोबर बाटली-डब्यांच्या उत्पादकावर एक पर्यावरण-कर असतो. जों जों परतीचें प्रमाण वाढेल तों तों हा कर घटतो, आणि तें शेंकडा ९५ च्या वर गेलें कीं तो संपूर्ण माफ होतो. म्हणजे बाटली परत यावी ही कळकळ पिणाऱ्याइतकीच भरणाऱ्यालाहि लागते. दुसरी गोष्ट जर्मनीची, आणि ती इशाऱ्याची आहे. पुन्हां भरावयाच्या बाटल्यांचें प्रमाण ७२ टक्क्यांखालीं गेलें तर एकदांच वापरावयाच्या बाटल्यांवर सक्तीची अनामत बसेल, असें तेथील १९९१ च्या नियमांत होतें. प्रमाण घसरलें, आणि १ जानेवारी २००३ पासून सक्ती आली. पुढें रक्कम २५ सेंट ठरली. जवळजवळ सगळ्या बाटल्या परत येऊं लागल्या. पण पुन्हां भरावयाच्या बाटल्या कांहीं वाढल्या नाहींत. उलट त्यांचा वाटा निम्म्याच्याहि खालीं आला. परत आलेल्या प्लॅस्टिकचा चुरा करून तें पुन्हां वितळविणें कारखानदारांना सोयीचें वाटलें. अनामत बाटलीला परत आणते. परत आल्यावर तिचें काय करावयाचें, हें ती सांगत नाहीं.

जर्मनींत आणखी एक दृश्य दिसूं लागलें. तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर दिवस काढणारीं म्हातारीं माणसें संध्याकाळीं विजेरी घेऊन रस्त्यावरच्या कचरापेट्यांत बाटल्या धुंडाळतात. पुष्कळ नागरिक त्यांच्यासाठीं रिकामी बाटली पेटींत न टाकतां पेटीच्या बाहेर उभी करून ठेवतात. कोलोनमध्यें तर यासाठीं पेटीभोंवतीं बसवावयाचें एक खास कडें योजण्यांत आलें. अनामतीनें शहर झाडलें खरें, पण तें कोणाच्या हातांनीं झाडलें, हेंहि त्या उजेडांत दिसलें.

हे हात भारतीय शहरांच्या परिचयाचे आहेत. येथें कायद्याची अनामत नव्हती, तरी रद्दीवाला व भंगारवाला यांनीं कागद, कांच व पत्रा यांना भाव दिला, आणि डोक्यावर पोतें घेऊन फिरणाऱ्या कचरावेंचक बायकांनीं त्या भावावर संसार चालविले. पुण्यांत १९९३ सालीं त्यांनीं ‘कागद कांच पत्रा कष्टकरी पंचायत’ या नांवानें आपली संघटना बांधली. पण भंगाराचा भाव हा बाजाराचा भाव. ज्या वस्तूला तो नाहीं, ती दुधाची फाटकी पिशवी, तें वेष्टन, ती फुटकी बाटली, पोत्यांत जात नाहीं. ती नाल्यांत जाते. बाजार जेथें थांबतो तेथें अनामतीचें काम सुरू होतें.

महाराष्ट्रानें २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीबरोबर पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्यांवर एकदोन रुपयांची परताव्याची रक्कम ठेवण्याची तरतूद केली. परंतु रिकामी बाटली कोणीं, कोठें व कोणाच्या खर्चानें परत घ्यावयाची याची घडी बसली नाहीं, आणि ही तरतूद घरोघरच्या व्यवहारांत रुजली नाहीं. उलट, तमिळनाडूंतील निलगिरीच्या डोंगरांत ती रुजली. दारूच्या बाटल्या जंगलांत फोडल्या जात, व त्या कांचेनें हत्ती आणि इतर जनावरें जखमी होत. मद्रास उच्च न्यायालयानें यांत लक्ष घातलें, आणि मे २०२२ पासून तेथील सरकारी दारूदुकानांत प्रत्येक बाटलीवर दहा रुपये अधिक घेऊन रिकामी बाटली आणल्यावर ते परत देण्याचा क्रम सुरू झाला. दहांपैकीं नवांहून अधिक बाटल्या परत येऊं लागल्या, आणि ही पद्धति पुढें दुसऱ्या जिल्ह्यांतहि गेली. व्हर्मांटच्या गाईंसाठीं जें सत्तर वर्षांपूर्वीं केलें गेलें व सोडून दिलें गेलें, तेंच येथें हत्तींसाठीं पुन्हां करावें लागलें. महाराष्ट्रांत जी घडी बसली नाहीं ती निलगिरींत बसली, याचें कारण उघड आहे: तेथें विकणारा एकच होता, आणि ज्या दुकानीं बाटली घ्यावयाची त्याच दुकानीं ती परत करावयाची होती.

२०२४ सालीं गोवा सरकारनेंहि अनामत-परताव्याची योजना अधिसूचित केली. किनाऱ्यावर जगणाऱ्या आणि त्याच किनाऱ्यावर पाहुण्यांनीं फोडलेल्या बाटल्यांची कांच वेंचणाऱ्या प्रदेशानें असा विचार करावा, यांत नवल नाहीं. अशा प्रत्येक योजनेच्या वेळीं जुनेच आक्षेप पुन्हां पुढें येतात: किंमत वाढेल, दुकानदाराला त्रास होईल, धंदा बसेल. त्यांना उत्तर द्यावयाचें तर ओरेगॉन, नॉर्वे, जर्मनी व निलगिरी या सर्वांचा अनुभव जमेस धरावा लागेल. रक्कम खिशाला जाणवेल अशी असावी व भाव वाढतील तशी वाढावी. परत देण्याची जागा घेण्याच्या जागेइतकीच जवळ असावी. भरणाऱ्यालाहि परतीची ओढ लागावी. आणि आजवर ज्या हातांनीं शहराचा कचरा निवडला त्या हातांतून हीं नाणीं यंत्राच्या तोंडांत जाऊं नयेत.

पांच सेंटांनीं अमेरिकन माणसाचा स्वभाव बदलला नाहीं, आणि दहा रुपयांनीं निलगिरींत येणाऱ्या पाहुण्याचाहि बदलला नाहीं. त्या नाण्यांनीं एवढेंच केलें कीं, बाटली कोणाची, या प्रश्नाला पुन्हां उत्तर मिळवून दिलें. गोटीच्या सोड्याच्या दुकानांत हा प्रश्न कधीं पडलाच नव्हता. तेथें ती पिणाऱ्याच्या हातीं चार घटका असे, आणि मग फळीवर इतर बाटल्यांच्या ओळींत जाऊन बसे.